चक्रीवादळी पाऊस आणि पर्वत

चक्रीवादळातील बाष्पयुक्त वाऱ्यांना पर्वत आडवा आला की ते वर चढतात. हवा थंड होते, बाष्प सांद्रित होते आणि वादळाच्या मूळ पावसात उतारावरील पावसाची भर पडते. पर्वतापलीकडे उतरणारी हवा तापते, म्हणून तिथे पर्जन्यछाया. हिंद महासागरातील डोंगराळ रेयुनियों बेटावर जानेवारी 1966 मध्ये डेनिस वादळात 24 तासांत 1825 मिमी पाऊस पडला. सपाट किनाऱ्यावर असा आकडा अतिशय दुर्मीळ आहे.

हाच नियम ठाणे जिल्ह्यातील भिवंडीलाही लागू पडतो. तिच्या पूर्वेस सह्याद्री, पश्चिमेस अरबी समुद्र. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरतात. म्हणून केंद्र कुठून जाते, हे निर्णायक ठरते. केंद्र दक्षिणेकडे असताना भिवंडीवर वारे पूर्वेकडून, घाट उतरून येतात व डोंगराची मदत मिळत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा भिवंडी केंद्राच्या उत्तरेस होती. केंद्र समुद्रातून भिवंडीच्या वायव्येस सरकले, की दक्षिण-नैर्ऋत्येचे ओले वारे सह्याद्रीच्या दिशेने वळतात. मे 2021 मधील तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले. तेव्हा मुंबईच्या सांताक्रूझला एका दिवसात सुमारे 230 मिमी पाऊस नोंदला गेला. अर्थात त्यातला बराच वाटा वादळाच्या स्वतःच्या ढगांचा होता, डोंगराचा नव्हे.

घाटावर पडलेले पाणी भातसा व उल्हास नद्यांतून वसई खाडीकडे येते. भिवंडीतून वाहणारी कामवारी नदीही त्याच खाडीला मिळते. भरतीच्या वेळी खाडी तुंबली, तर भिवंडीच्या सखल भागातील पाण्याचा निचरा मंदावतो.