सह्याद्रीच्या वाटेचा सरंजाम

माझा एक जुना विद्यार्थी पावसाळ्याच्या तोंडावर एके सायंकाळी आमच्या जोगेश्वरीच्या घरी आला. शाळेत असताना सनावळ्यांना कंटाळणारा हा मुलगा आता कर्ता गृहस्थ झाला आहे आणि अलीकडे त्याला डोंगरवाटांवरून धावण्याचा छंद जडला आहे. बुटांचे तीन जोड, पाठीवरची एक पिशवी व एक पावसाळी अंगरखा यांची चित्रे त्याने मला दाखविली आणि विचारले, "सर, तुम्ही इतकी वर्षे मुलांना गडांवर नेलेत. यांतले कोणते घेऊ?" त्या बुटांची नावेसुद्धा मला धड उच्चारता येईनात. मी म्हटले, "अरे, हा प्रश्न तुझ्या एकट्याचा नव्हे. या डोंगरात तो दोन हजार वर्षे विचारला जात आहे. आधी ती हकीकत ऐक, मग बूट घे." त्या सायंकाळी त्याला जे सांगितले तेच थोडे जुळवून आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रारंभ आमच्या शेजारापासूनच करतो. जोगेश्वरीच्या पूर्वेस आरेची झाडी लागते आणि तिच्या उत्तरेकडील डोंगरात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथे राहणारे भिक्षू पावसाळ्याचे महिने एका जागी काढीत आणि एरवी पायी हिंडत. असा जन्मभर चालणारा माणूस पायांत काय घालतो, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. विनयपिटकाच्या महावग्गात पादत्राणे व कातडी यांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. सोण कोळिविस नावाचा श्रीमंतीत वाढलेला तरुण भिक्षू अनवाणी येरझारा घालताना पाय फुटून रक्तबंबाळ झाला, तेव्हा बुद्धांनी एकपदरी तळव्याची वहाण वापरण्यास परवानगी दिली, असे तेथे सांगितले आहे. नव्या अनेकपदरी वहाणा मात्र निषिद्ध ठरल्या. पुढे त्याच नावाचा दुसरा एक भिक्षू, सोण कुटिकण्ण, आपले गुरू महाकच्चान यांचा निरोप घेऊन अवंतीहून आला. निरोप असा होता, की अवंती-दक्षिणापथात जमीन वरून काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे. तेव्हा तेथे तरी अनेकपदरी वहाणांची मोकळीक असावी. ती मोकळीक मिळाली.

श्रोतेहो, मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. गंगेच्या गाळाच्या मऊ भूमीवर जो नियम योग्य, तो माळव्यापासून सह्याद्रीपर्यंत पसरलेल्या काळ्या कातळावर जाच होतो, हे त्या काळच्या चालणाऱ्या माणसांनी ओळखले आणि धर्माच्या नियमाला मुरड घालून घेतली. आजचा ग्राहक मात्र बूट कोणत्या देशातील चिखलासाठी बेतला आहे याची चौकशी न करताच तो पायांत घालतो.

वस्त्राची व्यवस्थाही तितकीच विचारपूर्वक होती. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ या व्याजाने ठेविले. ते व्याज वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावे अशी योजना होती. हा हिशेब मी मुलांकडून फळ्यावर सोडवून घेत असे: वर्षाचे व्याज २४०, वीस जणांना बारा-बारा, बाकी शून्य. मुले म्हणत, "सर, बरोबर आला!" माझे लक्ष दुसरीकडे असे. वस्त्राचा पैसा ठेविला तो विणणाऱ्यांच्या हाती. घेणारा आणि करणारा एकमेकांना ओळखत होते.

आता एकदम सतराव्या शतकात येऊ. शिवाजीमहाराजांच्या लष्कराचा क्रम सभासदाने आपल्या बखरीत दिला आहे. पावसाळ्यात छावणी, दसऱ्यास कूच, आठ महिने मुलूखगिरी आणि वैशाखात परत. निघताना प्रत्येक माणसाच्या जिनसांची नोंद होई आणि परतल्यावर ती पडताळून पाहिली जाई. बायका, बटकी, कलावंतिणी बरोबर नेण्यास मनाई होती. सैन्य हलके कसे राहिले याचे रहस्य शौर्याइतकेच या यादीतही आहे. चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना मे महिन्यात धाडलेले पत्र तर प्रत्येक गिर्यारोहकाने वाचावे. दाणावैरण आताच बेहिशेबी उडवाल तर भर पावसात काही मिळणार नाही आणि घोडी मरतील. गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, तंबाखू ओढू नका. दिवा तसाच ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेतील व सारी वैरण खाक होईल, असा त्याचा आशय आहे. राज्य स्थापणारा पुरुष उंदराच्या तोंडातील वातीचा विचार करतो! मुक्कामाच्या विद्येचे याहून चांगले पाठ्यपुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

हीच विद्या नसली म्हणजे काय होते, हे औरंगजेब बादशहाने दाखविले. त्याची छावणी म्हणजे डेरे, कनाती, बाजार आणि हजारो जनावरे यांचे चालते शहर होते. १७०० च्या ऑक्टोबरात खवासपूर येथे माण नदीला रात्री पूर आला आणि ते शहर वाहून गेले. पळापळीत बादशहाचा पाय दुखावला व तो अखेरपर्यंत लंगडत राहिला. तरी धडा घेतला नाही. १७०२ च्या जून महिन्यात विशाळगड हाती आल्यावर, ऐन पावसात, ही फौज पन्हाळ्याकडे निघाली. अंतर सुमारे तीस मैल. लागले अडतीस दिवस! ओढे दुथडी भरलेले, वाटा चिखलात गडप, ओझ्याची जनावरे वाटेत मरून पडलेली. त्या भिजल्या कनातींचे वजन कोणी मोजले नसेल, परंतु भिजल्यावर कापड किती जड होते हे ज्याने पावसात तंबू गुंडाळला आहे त्याला सांगावे लागत नाही. दिल्लीच्या आणि दक्षिणच्या पठारावर जो सरंजाम वैभव ठरतो, तोच घाटमाथ्यावरील पावसात वैरी होतो.

मग या डोंगरातील माणूस स्वतः काय वापरीत होता? घोंगडी, इरले आणि काठी. दख्खनी मेंढीची राठ लोकर, धनगरांनी कातरलेली, सणगरांनी मागावर विणलेली, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली. लोकरीचा गुण असा, की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही आणि पूर्ण भिजली तरी थोडी ऊब राखते. घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतली की तीच छत्री. रात्री अंथरली की तीच बिछायत. कोकणातील इरले म्हणजे बांबूच्या कामट्यांत पाने दाटून बसविलेले छप्पर; लावणीसाठी वाकलेल्या माणसाचे दोन्ही हात ते मोकळे ठेवते. आता वहाणांविषयी. हिरडा व बाभळीची साल घालून कमावलेल्या कातड्याची कोल्हापुरी वहाण कोरड्या कातळावर अजोड; २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु ओल्या शेवाळावर ती घसरते आणि सतत भिजली तर कुजते. म्हणून घाटावरचा शहाणा माणूस ओढा आला की वहाणा काढून हातात घेतो. आपल्या वस्तूचा दोष ठाऊक असणे हेही तिच्यावरील विश्वासाचेच अंग आहे.

जुने ते सारे सोने, असे मात्र मी म्हणत नाही. घोंगडी जड असते, आणि भिजली म्हणजे तर खांदे मोडते. काथ्याचा वा तागाचा दोर बाहेरून धड दिसतो नि आतून कुजलेला असतो. सिंहगडावर १६७० साली तानाजीचे मावळे चढले त्या प्रसंगी घोरपडीची कथा लोकांनी रंगविली, तिला विश्वसनीय आधार नाही. परंतु ज्यांनी अंधारात त्या कड्यावर आपला भार टाकला त्यांच्यासाठी दोराची परीक्षा ही कथा नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नायलॉनचे दोर आले, तेव्हा जगातील गिर्यारोहकांनी सुटकेचा निःश्वास टाकला तो उगाच नव्हे.

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सन २००४ च्या जुलैत मी शाळेची बावीस मुले घेऊन कर्जतकडून, कोंढाणे लेण्यांच्या वाटेने, राजमाचीस निघालो. इतिहासाचा शिक्षक असून मी मुलांच्या पायांकडे पाहिले नाही. एका मुलाला मामाने परदेशाहून आणलेले उंची बूट होते. ते तीन-चार वर्षे कपाटात जपून ठेवलेले, पहिल्यांदाच घातलेले. सगळ्या वर्गाला त्याचा हेवा वाटत होता. अर्ध्या चढणीवर एका बुटाचा तळवा जिभेसारखा लोंबू लागला. थोड्या वेळाने दुसऱ्याचा. आम्ही सुतळीने बांधले, ते दहा पावलांत सुटले. त्याच्या अंगावरील, पाणी शिरणार नाही अशा ग्वाहीने विकलेल्या अंगरख्याचा आतला लेप सोलपटून पाणी थेट अंगात गेले होते. खाली सुती जाड विजार, ओलीचिंब. वाट चुकलेली नव्हती, कोणी पडला नव्हता. केवळ चाल मंदावली आणि वारा सुटला. वर पोहोचेपर्यंत मुलगा थरथरायचा थांबला आणि असंबद्ध बोलू लागला. थंडी थांबली म्हणून मला बरे वाटले! अज्ञान किती गाढ असते पाहा. थरथर थांबणे हे शरीर हरू लागल्याचे चिन्ह, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितले.

उधेवाडीत एका घराच्या ओसरीवर आम्ही त्याला टेकविले. घरातील वृद्ध बाई बाहेर आल्या, एकदा मुलाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मास्तर, च्या मागनं द्या. आदी ती वली कापडं काढा." त्यांनी त्याला पुसून, काळ्या घोंगडीत गुंडाळून, स्वतःच्या नातवाला शेजारी बसविले. तासाभराने मुलाने आपले नाव नीट सांगितले. त्या तासात माझ्या मनात काय आले ते मी कोणास सांगितलेले नाही आणि आजही सांगणार नाही.

ते बूट का फुटले, हे मी पुढे खोदून काढले. तळव्याच्या वरच्या थरात पॉलियुरेथेन नावाचा हलका फेस असतो. हवेतील दमटपणाने तो वर्षानुवर्षे आतून विघटित होतो, बूट वापरा अथवा न वापरा. किंबहुना कपाटात नुसता ठेवलेला बूट मुंबईच्या हवेत अधिक दगा देतो. म्हणजे मुलाच्या आईने जो जपला, त्याच जपण्याने तो गेला. वहाण शिवणारा चांभार समोर बसलेला असता तर त्याने कातडे दुमडून पाहताच सांगितले असते. या फेसाची नाडी पाहणारा कोणी आपल्या ओळखीचा नाही, ही खरी अडचण आहे.

मुंबईतील गिर्यारोहकांच्या पहिल्या पिढीला ही अडचण थोडी कमी होती. महायुद्धानंतर लष्कराचा उरलासुरला माल बाजारात आला: खिळ्यांचे बूट, पाठपिशव्या, जमिनीवर अंथरण्याची मेणकापडे. वस्तू ओबडधोबड आणि जड, पण कोणीतरी आधी तिचा छळ करून पाहिलेला. १९५४ साली मुंबईत गिरिविहार संस्था स्थापन झाली आणि अशा मंडळांत एक नवी श्रेणीच उभी राहिली म्हणा ना. कोणता दोर टिकला, कोणती पिशवी उसवली, हे ज्ञान तोंडी फिरू लागले. परदेशातही असेच घडले आहे. १९३५ साली आल्प्समधील पुंता रासिका शिखरावर वादळात सापडून सहा गिर्यारोहक गारठून मेले. त्यांच्या पायांत कड्यावर चढण्याचे हलके बूट होते. त्यांचा सोबती विताले ब्रामानी याने त्या दुःखातून खोल दातांचा रबरी तळवा तयार केला. १९५४ साली के-टू जिंकणाऱ्या इटालियन तुकडीच्या पायांत तोच होता. तो तळवा जाहिरातदाराच्या डोक्यातून निघालेला नव्हता.

एवढे ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, मग मी घोंगडी घेऊन धावू काय?" मी हसलो. धावणाऱ्याला हलकेपणा हवा, हे मलाही कळते. मी त्याला इतकेच सांगितले, की मित्रांचे वापरलेले बूट मागून आण. कोणत्या साली घेतले ते विचार. अंगरखा अंगावर चढवून नळाखाली पाव तास उभा राहा. पिशवीत कोरडा लोकरी सदरा मेणकापडात बांधून ठेव, आणि सुती काही अंगाला लावू नको.

पुढच्या रविवारी तो दोन जोड घेऊन आला. आमच्या मागील अंगणात मोरीपुढे एक जुनी काळी फरशी आहे. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते आणि गृहिणीचा तिच्यावर फार राग आहे. मी तिच्यावर बादलीभर पाणी ओतले. पहिल्या जोडाने, जो दिसायला अधिक देखणा होता, तो दुसऱ्याच पावलाला माझ्या खांद्यावर आला. दुसऱ्याने तो चार येरझारा घालून आला. मग खाली बसून त्याने तळवा दुमडला, नखाने दाबून पाहिला, आणि मित्राला फोन लावून विचारले, "अरे, हे तू नक्की कोणत्या साली घेतलेस?"