अदमासाचा घाट

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेच्या बोलीत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. तेवढ्या अवकाशात प्रवासी वडापाव घेतात आणि गाडी घाटाला लागते. चढ केवढा, भार किती, इंजिने किती लावावीत, हे आज कोणी नव्याने शोधून काढत नाही. दीडशेहून अधिक वर्षांच्या अनुभवाने ते ठरून गेले आहे. पण हा अनुभव गाठीशी नव्हता तेव्हा ‘हे काम किती काळात होईल?’ या प्रश्नाचे उत्तर कशाच्या आधाराने दिले गेले असेल?

हा प्रश्न आम्हांला सुचला तो संगणकक्षेत्रातील एका चर्चेमुळे. मराठीच्या अध्यापकांनी त्या क्षेत्रातील अधिकार सांगू नये, हे आम्ही जाणतो. परंतु तेथील पेच परका वाटत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याला रोज विचारले जाते, ‘हे कधी होईल?’ आणि त्याचे उत्तर बहुधा चुकते. बॅरी बोहम यांनी 1981 साली पूर्वी पार पडलेल्या 63 प्रकल्पांच्या नोंदींवरून अशा श्रमांचे गणित मांडले. 2007 साली जोएल स्पोल्स्की यांनी आणखी सोपी वाट दाखविली. काम सोळा तासांहून मोठे नसेल अशा तुकड्यांत वाटावे, प्रत्येकाने सांगितलेले तास आणि त्याला प्रत्यक्ष लागलेले तास यांची नोंद ठेवावी आणि त्या गुणोत्तरावरून पुढच्या शब्दावर किती विसंबायचे ते ठरवावे. आठ तासांच्या कामाला ज्याला नेहमी बारा तास लागतात, त्याचे ‘दोन दिवस’ हे तीन दिवस समजावेत. बोहम यांच्या मांडणीत मात्र एक सावधगिरी आहे. आकार तोच असला तरी ओळखीच्या कामाचा हिशेब वेगळा आणि चहूबाजूंनी बंधने असलेल्या कामाचा वेगळा. मागची नोंद हवीच, पण ती त्याच जातीच्या कामाची हवी.

बोरघाटाच्या रेल्वेमार्गाचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या आखणीनुसार 1856 च्या जानेवारीत घाटाचे काम सुरू झाले. मक्तेदार होते विल्यम फॅविएल. ते नवखे नव्हते. 16 एप्रिल 1853 रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तो मार्ग बांधणाऱ्या मक्तेदारांपैकी ते एक. मागील कामगिरी पाहून मक्ता द्यायचा, तर याहून चांगला दाखला कोणता? परंतु तो दाखला खाडीचा आणि सपाटीचा होता. येथे सुमारे सोळा मैलांत 1831 फूट चढायचे होते, आणि त्यासाठी पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि वीस लाख घनयार्डांहून अधिक खोदाई करायची होती. त्यात कातळ काळा बसाल्टचा, आणि पावसाळा आला की काम थंडावणार.

1856 साली खालून गाडी खोपोलीपर्यंत पोहोचली होती. 14 जून 1858 रोजी वर खंडाळा ते पुणे मार्गही सुरू झाला. मधला घाट तेवढा उरला. पुढे जवळजवळ पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने, तट्टावरून किंवा बैलगाडीने घाट चढत आणि वर दुसरी गाडी धरीत.

त्या पाच वर्षांत काय घडले? 1859 च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. मार्चमध्ये फॅविएल यांनी मक्ता सोडला. त्याच वर्षी तो सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे गेला, पण भारतात उतरल्यापासून पंधरवड्याच्या आत ते मृत्यू पावले. मक्ता त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी पुढे चालविला. अभियंते ॲडम्सन आणि क्लाउझर यांनी त्यांच्या वतीने काम पाहिले. कॉलऱ्याच्या साथीने मजुरांत मोठी प्राणहानी केली. तरी 1861 साली घाटात बेचाळीस हजार माणसे राबत होती. 21 एप्रिल 1863 रोजी मार्ग खुला झाला. खर्च सुमारे अकरा लाख पौंड. तो दिवस पाहायला बर्कले हयात नव्हते, आदल्या वर्षीच त्यांचे निधन झाले होते.

आम्हांला महत्त्वाची वाटते ती या हकिकतीतील मजुरीची बाब. मक्तेदाराखाली पोटमक्तेदार, त्याच्याखाली मुकादम, आणि सर्वांखाली सुरुंगाची भोके पाडणारा मजूर अशी ही उतरंड होती. वर हिशेब आवळला की तळाची मजुरी थकणार, हे उघड आहे. अदमास कागदावर चुकतो, पण त्याची तूट भरून काढणारा माणूस बहुधा कागदावर नसतो.

येथे शिंग्रोबाची आठवण होते. खोपोलीवरून घाट चढताना त्याचे मंदिर लागते. आख्यायिका सांगते की शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखविली, बक्षीस म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली. ही कथा आम्ही कागदोपत्री पुरावा म्हणून वाचत नाही. पण लोकस्मृतीने काय जपले ते पाहावे. घाटाची खरी माहिती ज्याच्या पायांना होती, त्याच्याकडून ती घेतली गेली आणि मोबदला मात्र दिला गेला नाही. अभियंत्यांच्या अहवालांशेजारी हीही एक नोंदच आहे.

आज घाटातून रोज वर जाणाऱ्या गाड्यांत पुण्याच्या संगणक कंपन्यांत काम करणारी तरुण मुलेही असतात. त्यांच्या वहीत आता दोन रकाने आहेत, सांगितलेले तास आणि लागलेले तास. ही मोठीच सुधारणा होय. आमची सूचना एवढीच की तिसराही रकाना असावा: मधले जादा तास कोणाच्या अंगावर पडले? बोरघाटाच्या हिशेबात तो रकाना असता, तर 1859 सालचा दंगा आपल्याला इतिहासात दंगा म्हणून वाचावा लागला नसता. थकबाकीची मागणी म्हणून तो नोंदला गेला असता.