खेळण्याची दरी आणि राजाची पायवाट

आमचा भाचा नोकरीनिमित्त युरोपात असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने फोनवर सांगितले, ''मामू, अम्मीला घेऊन या. तुम्हाला कोर्दोबाची मशीद, ग्रॅनडाचा अल्हंब्रा दाखवतो आणि मालागाजवळ कड्याला चिकटवलेली एक वाट आहे, तिच्यावरून चालवतो.'' मशीद आणि अल्हंब्रा ही नावे ऐकून आमची आपा हरखली. कड्याच्या वाटेबद्दल मात्र तिने एवढेच विचारले, ''कठडा आहे ना?''

कठडा आहे, पण तो आता आहे. स्पॅनिश भाषेत त्या वाटेला 'कामिनितो देल रेय' म्हणतात. म्हणजे राजाची छोटी वाट. ग्वादालोर्से नदीने चुनखडीच्या डोंगरात कापलेल्या घळीत, पाण्यापासून सुमारे शंभर मीटर उंचीवर ती आहे. नद्यांच्या नावांतले हे 'ग्वाद' म्हणजे अरबीतला 'वादी'. ग्वादाल्किवीर म्हणजे वादी अल-कबीर, मोठी नदी. राज्य जाऊन पाचशे वर्षे झाली तरी पाण्याची नावे राहिली.

वाट मुळात राजासाठी नव्हतीच. घळीच्या दोन टोकांना वीज तयार करणारे दोन धबधबे होते. त्यांच्यामध्ये मजुरांना ये-जा करता यावी, सामान नेता यावे, कालव्याची देखरेख करता यावी म्हणून वीज कंपनीने १९०१ ते १९०५ या काळात ती बांधली. रुंदी जेमतेम एक मीटर. १९२१ साली राजा तेरावा अल्फोन्सो धरणाच्या उद्घाटनाला आला, तिच्यावरून चालला आणि तिला राजाचे नाव पडले. ज्यांनी कड्यात पहारी ठोकल्या त्यांची नावे कुठे नाहीत. त्याच वर्षी जुलैत समुद्रापलीकडे मोरोक्कोच्या रिफ डोंगरात अब्दुल करीमच्या लोकांनी या राजाच्या फौजेचा अनवाल येथे धुव्वा उडवला. दहा वर्षांनी, १९३१ साली, राजाला देशच सोडावा लागला. वाट पुढे मोडकळीस आली, सिमेंट गळून पडले, नुसत्या लोखंडी सळ्या उरल्या. १९९९ आणि २००० साली तिथे माणसे पडून मेली, तेव्हा ती बंद केली. दुरुस्त होऊन २८ मार्च २०१५ रोजी ती पुन्हा उघडली. आता तिकीट आधी काढून ठेवावे लागते, डोक्यावर हेल्मेट घालावे लागते, वाट एकाच दिशेने चालायची आणि आठ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. एकूण चाल सात किलोमीटरच्या वर. त्यातली तीनेक किलोमीटर कड्याला टांगलेल्या फळ्यांवरून.

आम्ही नकाशा उघडून बसलो तर त्या घळीच्या शेजारीच एक नाव दिसले, बोबास्त्रो. अंदलुसच्या इतिहासात हे नाव थोडके नाही. नवव्या शतकाच्या अखेरीस उमर इब्न हफसून या बंडखोराने इथल्या डोंगरात ठाण मांडले आणि कोर्दोबाच्या उमय्या अमीरांना जेरीस आणले. त्याच्या पूर्वजांनी इस्लाम स्वीकारलेला, म्हणजे तो आपल्यासारखाच स्थानिक मातीतला मुसलमान. अरब घराण्यांना जो मान मिळतो तो आम्हाला का नाही, हा त्याच्या पाठीराख्यांचा सल. पुढे ८९९ साली त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच्यानंतर मुलांनी लढा चालवला आणि ९२८ साली तिसऱ्या अब्दुर्रहमानने बोबास्त्रो घेतले. त्याच्या पुढच्याच वर्षी त्याने स्वतःला खलीफा म्हणवले. तिथे खडकात कोरलेल्या चर्चचे अवशेष आजही आहेत. या लढ्याला 'मुसलमान विरुद्ध ख्रिस्ती' असे नाव देणे सोपे आहे, पण बसत नाही. दोन्ही बाजूंना दोन्ही धर्मांची माणसे होती.

हे सगळे आम्ही आपाला वाचून दाखवत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ''दरी आणि पूल बघायला एवढे लांब जायचे, तर आपल्या विशाळगडाने काय घोडे मारलेय? पोराच्या नोकरीसाठी मी तिथे नवस बोलले होते. तो फेडल्याशिवाय मी विमानात बसणार नाही.''

बेत असा स्पेनहून सुरू होऊन शाहूवाडी तालुक्यात आला.

विशाळगड कोल्हापूरपासून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. मलकापूर, गजापूर करत गाडी जिथे थांबते तिथून समोर गड दिसतो, पण मध्ये दरी. ती लोखंडी पुलावरून ओलांडायची. पलीकडे दोन वाटा, एक छातीवर येणारी खडी आणि दुसरी पायऱ्यांची. वर हजरत मलिक रेहान यांचा दर्गा, अमृतेश्वराचे मंदिर, बाजीप्रभू आणि फुलाजी या भावांच्या समाध्या, अर्धचंद्राच्या आकाराची विहीर. दर्ग्यात नवस बोलणाऱ्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती, हे आमच्या लहानपणी कोणी मोजत नव्हते. आजीबरोबर जायचो तेव्हा पुलावर तिचा हात धरायला शेजारची वहिनी असायची. तिच्या ओटीत नारळ आणि आजीच्या पिशवीत मलिदा.

या गडाचे जुने नाव खेळणा. आणि खेळण्याचा इतिहास हा किल्ल्याच्या तटापेक्षा त्याच्या वाटेचा इतिहास आहे. इथे बहुतेक वेळा माणसे तोफांनी हरली नाहीत, वाटेने हरली.

पहिली मोठी गोष्ट १४५३ सालची. बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद याने मलिक-उत-तुज्जार खलफ हसन बसरी या सरदाराला कोकणाच्या मोहिमेवर पाठवले. त्याने शिर्के नावाच्या सरदाराला पकडले आणि धर्म बदल, नाहीतर मर, असे बजावले. फिरिश्ता सांगतो की शिर्क्याने उत्तर दिले : खेळण्याचा शंकरराव माझा वैरी आहे, मी आधी बाटलो तर तो माझी हेटाळणी करील, आधी त्याला जिंका, वाट मी दाखवतो. खलफ हसनने विश्वास ठेवला. दोन दिवस रस्ता बरा होता. तिसऱ्या दिवशी शिर्क्याने फौज अशा रानात नेली की सूर्य दिसेना. सरदार स्वतः आजारी, फौज विखुरलेली. रात्री शंकरराव मोऱ्याची माणसे उतरली आणि कापाकापी झाली. त्यात मदिना, करबला आणि नजफचे पाचशे सय्यद होते, असेही फिरिश्ता लिहितो.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. तिच्या पुढचा भाग आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. खलफ हसनच्या फौजेत परदेशातून आलेले 'आफाकी' आणि इथेच रुजलेले 'दख्खनी' असे दोन गट होते. बरेच दख्खनी सरदार त्या रानात शिरलेच नाहीत. जे आफाकी जिवंत सुटून चाकणला पोचले, त्यांच्याविरुद्ध दख्खन्यांनी सुलतानाचे कान भरले, त्यांना अभय दिले आणि मग ठार केले. शिर्क्याने केलेला घात दरीत झाला; भाईबंदांनी केलेला घात चाकणच्या किल्ल्यात, जेवणाच्या पंगतीत झाला. बोबास्त्रोचा सल आणि चाकणचा सल यांत आम्हाला फार अंतर दिसत नाही. बाहेरून आलेला मोठा की इथला, या भांडणाने दोन्हीकडे घर पोखरले.

पुढे काही वर्षांनी महमूद गावान आला. तो इराणातल्या गिलानचा, म्हणजे आफाकीच, पण शहाणा. त्याने कोणाच्या तोंडी वाटेवर भरवसा ठेवला नाही. आधी रान तोडले, वाट केली, पावसाळ्यात माघार घेतली, पुन्हा आला आणि खेळणा मिळवला. त्याच्या फारसी पत्रसंग्रहात, 'रियाज-उल-इन्शा'त, या मोहिमेचे दाखले आहेत. एवढे करून १४८१ साली खोट्या पत्राच्या आळावर सुलतानाने त्याचे डोके मारले. त्यामागेही तोच आफाकी-दख्खनी वाद.

शिवाजी महाराजांनी १६५९ साली खेळणा घेतला आणि त्याचे नाव विशाळगड ठेवले. त्यानंतरच्या जुलै १६६० च्या रात्रीबद्दल कोल्हापूरच्या माणसाला नव्याने सांगण्यासारखे काही नाही. पन्हाळ्याचा वेढा, पालखी, घोडखिंड, बाजीप्रभू. चौथीच्या वर्गात सिद्दी जौहरचे नाव आले की बाकावरची पोरे मान वळवून आमच्याकडे बघत. आम्ही पुस्तकात डोके घालून बसत असू. जणू वेढा आमच्या आजोबांनीच घातला होता. गुरुजी वाईट नव्हते, पोरेही वाईट नव्हती. पण त्या वेढ्यात आपण बाहेरच्या बाजूला उभे आहोत असे वाटायला लागले ते तेव्हापासून.

शाळा सुटून कितीतरी वर्षे झाल्यावर सिद्दी हिलालचे नाव वाचले. हा हबशी सरदार महाराजांच्या बाजूने होता. पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजी पालकराबरोबर तो चालून गेला आणि त्या लढाईत त्याचा मुलगा सिद्दी वाहवाह जबर जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. आणि महाराज रात्रभर चिखल तुडवत विशाळगडाच्या पायथ्याशी पोचले, तेव्हा गडाला वेढा घालून वाट अडवणारे कोण होते? शृंगारपूरचे सुर्वे आणि पालवणीचे दळवी. आदिलशहाचे मराठे सरदार. त्यांची फळी फोडून महाराजांना वर जावे लागले. म्हणजे एका टोकाला महाराजांसाठी हबशी बापलेक लढले आणि दुसऱ्या टोकाला महाराजांची वाट मराठ्यांनी अडवली. हे आम्ही कोणाला उणे दाखवायला लिहीत नाही. चाकरी ज्याची, तलवार त्याची, असा तो काळ होता. फक्त त्या बाकावर बसलेल्या पोराला हे कोणी तेव्हाच सांगितले असते, तर बरे झाले असते.

१७०२ साली खुद्द औरंगजेब खेळण्यापुढे येऊन बसला. आंब्याच्या घाटात फतेउल्लाखानाने कामाठी लावून वाट करवली तेव्हा कुठे तोफा वर आल्या. महिनोन्महिने वेढा चालला. शेवटी गड लढून मिळाला नाही. जूनमध्ये परशुराम त्र्यंबकांशी बोलणी झाली, पैसे मोजले गेले आणि मराठे गड सोडून गेले. बादशहाने गडाचे नाव ठेवले 'सख्खरलना'. आपल्या वाचकांना हा शब्द ओळखीचा वाटेल. प्रवासाला निघताना, एसटीत बसताना आपण जी दुआ पुटपुटतो, तिच्यातले हे शब्द. हे वाहन 'आमच्या स्वाधीन केले' अशी त्या दुआत अल्लाहची स्तुती आहे, आणि आपल्यात ते बळ नव्हते अशी कबुलीही. बादशहाने पहिला भाग घेतला आणि दुसरा विसरला. लगेच पाऊस लागला. पन्हाळ्यापर्यंतची तीसेक मैलांची वाट कापायला त्याच्या लष्कराला महिन्याहून जास्त काळ लागला. ओढ्यांना पूर, हत्ती चिखलात रुतलेले, माणसे आणि जनावरे वाटेतच मेलेली.

कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांनी १८४४ साली बंड केले, तेव्हा इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडून टाकली. त्यानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ वर उरले ते दर्गा, मंदिर, समाध्या आणि थोडी घरे. लढाईचे काम संपले, नवसाचे राहिले.

म्हणून १४ जुलै २०२४ आम्हाला इतका लागला. गडावरची अतिक्रमणे काढावीत ही मागणी जुनी होती. ती सगळी चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. संरक्षित स्मारकावर कोणाचेही बेकायदा बांधकाम नको, मग ते कोणत्याही जातीचे असो. पण त्या दिवशी जमाव फिरला तो गडाच्या पायथ्याशी गजापूरच्या मुस्लिमवाडीवर. तिथल्या घरांचा गडावरच्या अतिक्रमणाशी काय संबंध? घरे फोडली, सामान जाळले, मशिदीची नासधूस झाली. नंतर खासदार शाहू छत्रपती तिथे जाऊन लोकांना भेटले. उच्च न्यायालयाने भर पावसात घरे पाडण्याबद्दल सरकारला खडसावले. गडावर जायला पुढे कित्येक महिने बंधने होती. आपाचा नवस लांबला.

घरात वाद झाला तो खरा यानंतर. धाकटा भाऊ म्हणाला, ''आता तिकडे कशाला? मलिदा इथल्या बाबूजमालला वाटा, अल्लाहला पोचतो.'' भाच्याने स्पेनहून सांगितले, ''अम्मी, इकडे या, इथे सगळे सुरक्षित आहे.'' शेजारच्या वहिनी आता सत्तरीच्या आहेत. गुडघे धरून बसलेल्या. त्या म्हणाल्या, ''तू जाणार असलीस तर मीपण येते. मला समाधीला हार घालायचाय.'' त्यांनी एवढे म्हटले आणि वाद तिथेच थांबला.

कंदुरी करायची नाही, असे आपाने स्वतःच ठरवले. गडावरच्या पशुबळीचा वाद न्यायालयापर्यंत गेलेला, त्यात आपल्या बकऱ्याची भर नको. चादर, फुले आणि मलिदा पुरे. पावसाळ्यात जायचे नाही, हे खलफ हसनपासून औरंगजेबापर्यंत सर्वांनी आमच्यासाठी शिकून ठेवले आहे. दिवाळीनंतरचा एखादा आडवार बघायचा, रविवार नको. सकाळी सहाला निघायचे म्हणजे उन्हाच्या आत वर पोचता येईल. गजापुरात थांबून चहा घ्यायचा, हे आम्ही हट्टाने ठरवले आहे. खडी वाट नाही, पायऱ्यांचीच वाट. वहिनींसाठी घडीची खुर्ची आणि काठी. परतताना जमले तर पावनखिंडीपाशी गाडी थांबवायची.

स्पेनचा बेत मोडलेला नाही. पासपोर्टची तारीख मिळाली आहे आणि भाच्याला कळवले आहे की कड्याच्या वाटेची तिकिटे पुढच्या वसंत ऋतूतली बघ. आपाने त्याला एकच अट घातली. बोबास्त्रो घळीच्या शेजारीच आहे, तर ते आधी दाखव. हेल्मेट घालून चालायचे ते नंतर बघू.