ठराव १९२४चा, पाणी १९२७चे : महाडचा इतिहास आणि ‘ओपन सोर्स’चा कारभार

आपल्या जिल्ह्यातल्या किनारपट्टीवरची काही शिकलेली मुले एक सॉफ्टवेअर तयार करत आहेत. शिष्यवृत्ती, जातपडताळणी आणि वसतिगृह प्रवेशाची माहिती मराठीत, एका जागी, फुकट. कोड सर्वांसाठी खुला, म्हणजे ‘ओपन सोर्स’. काम चांगले चालले होते. मग पहिली देणगी आली आणि पहिले भांडणही आले. संस्थेची नोंदणी नव्हती, पॅन नव्हते, खाते नव्हते. पैसे एका मुलाच्या वैयक्तिक खात्यावर घेतले गेले. त्याने एक रुपयाही खाल्ला नाही, पण सहा महिन्यांनी हिशेब विचारला तेव्हा त्याला अपमान वाटला आणि विचारणाऱ्यांना संशय आला. दोघे कार्यकर्ते काम सोडून गेले.

ही मुले माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, “ताई, आम्ही टेक्निकल माणसं. हे समिती, घटना, ट्रस्ट वगैरे राजकारण आम्हाला नको. कोड ओपन आहे ना, मग झालं.”

मित्रांनो, ‘ओपन आहे ना, मग झालं’ हे वाक्य आपण याच जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी ऐकलेले आहे. त्याचे पुढे काय झाले हेही आपल्याला माहीत आहे. म्हणून हा लेख.

तळे कागदावर खुले होते

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीसांसारखी माणसे त्यामागे होती.

म्हणजे १९२४ पासून चवदार तळे ‘ओपन’ होते. किती अस्पृश्यांनी पाणी प्यायले? एकानेही नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परिषदेला आलेल्या आपल्या माणसांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. कायद्याने खुले असलेले तळे जवळच आणि पाणी मात्र विकत!

२० मार्चला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा तीन वर्षे जुन्या ठरावाला पहिल्यांदा अर्थ आला. पुढे काय झाले? परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले. तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव मागे घेतला.

या शेवटच्या गोष्टीकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. जे ठरावाने मिळाले ते ठरावानेच गेले. कारण ठराव करणाऱ्या आणि रद्द करणाऱ्या सभागृहात आपल्या हाताला काही वजन नव्हते. चांगल्या मनाची माणसे आत होती तोवर तळे खुले. बहुमत फिरले, तळे बंद.

ओपन सोर्सचे लायसन्स म्हणजे बोले ठराव आहे. ते आवश्यकच आहे. त्याशिवाय तळ्यावर जाण्याचा हक्कच सांगता येत नाही. पण कोडमध्ये बदल कोण स्वीकारणार, संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावावर, पासवर्ड कोणाकडे, देणगी कोणत्या खात्यात, खर्चावर सही कोणाची, हे लायसन्समध्ये नसते. ते कारभारात असते. आणि कारभार लिहिलेला नसेल तर तो ज्याच्या हातात आधीपासून सत्ता आहे त्याच्या सवयीने चालतो.

पालक संस्था : वर नाव कोणाचे, आत सही कोणाची?

जगभर ओपन सोर्सच्या गटांसमोर हाच पैशाचा प्रश्न येतो. त्यावर एक उपाय रूढ झाला आहे : फिस्कल स्पॉन्सरशिप. आपण त्याला आर्थिक पालकत्व म्हणू. गटाला कायदेशीर अस्तित्व नसते, म्हणून एखादी नोंदणीकृत संस्था त्याच्या वतीने देणगी घेते, हिशेब ठेवते, कर भरते, बिले चुकवते आणि त्या बदल्यात काही टक्के ठेवून घेते. अमेरिकेतील सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी ही २००६ पासून असे काम करते.

सोय मोठी आहे. पण पालक म्हटला की प्रश्न आलाच : पालकाचे ऐकायचे किती?

बाबासाहेबांनी या प्रश्नाची दोन्ही टोके पाहिली. पहिले टोक बहिष्कृत हितकारिणी सभा. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बैठक झाली आणि २० जुलै १९२४ रोजी सभा स्थापन झाली. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली तिची रीतसर नोंदणी करण्यात आली. अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांतही मुंबईतली वजनदार नावे होती, रँग्लर परांजपे त्यांतले एक. पण व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर आणि खजिनदार निवृत्ती तुळशीदास जाधव.

ही रचना नीट पाहा. ज्या नावांमुळे सरकारदरबारी आणि देणगीदारांकडे दार उघडेल ती नावे वर आहेत. पण रोजचा निर्णय, पत्रव्यवहार आणि पैशाची पेटी ही तीन कामे आपल्या माणसांकडे आहेत. मदत घ्यायला ना नाही, पण किल्ली द्यायची नाही. सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला वसतिगृह सुरू केले. मुंबईत मोफत वाचनालय चालवले.

दुसरे टोक १९३२चे. पुणे करारानंतर सप्टेंबरअखेर अस्पृश्यता निवारणासाठी संस्था निघाली, जी पुढे हरिजन सेवक संघ झाली. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, अमृतलाल ठक्कर सरचिटणीस. बाबासाहेब सुरुवातीला तिच्या मध्यवर्ती मंडळावर होते. नोव्हेंबर १९३२ मध्ये गोलमेज परिषदेला जाताना त्यांनी बोटीवरून ठक्करांना लांबलचक पत्र लिहिले : पैसा कशावर खर्च व्हावा, नागरी हक्कांची मोहीम कशी असावी, कामाला अस्पृश्यांतून माणसे का घ्यावीत. त्या पत्राची साधी दखलही घेतली गेली नाही, ही तक्रार त्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. ते मंडळातून बाहेर पडले. अस्पृश्यांना कारभारात जागा का नाही, यावर गांधीजींचे उत्तर असे होते की हे स्पृश्यांचे प्रायश्चित्त आहे, पैसा त्यांनी जमवलेला आहे, म्हणून कारभारही त्यांचाच.

हे उत्तर नीट लक्षात ठेवा, कारण आजही ते वेगळ्या भाषेत मिळते : ‘फंड आमचा आहे, अजेंडाही आमचाच राहील. तुमची एक सल्लागार समिती नेमू.’ पालक संस्था शोधताना पहिला प्रश्न टक्केवारीचा नसावा. पहिला प्रश्न हा : आमच्या नावावर आलेला पैसा कशावर खर्च करायचा, हे ठरवणाऱ्या समितीत आमची मते किती?

समाजाला खटल्यात नाव नसते

१४ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या कोर्टाने सत्याग्रहाविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम दिला. फिर्यादींचा दावा होता की तळे ‘चौधरी तळे’ आहे, खाजगी आहे, अस्पृश्यांना तिथे कधीच वहिवाट नव्हती. प्रतिवादी कोण? ‘अस्पृश्य समाज’ नावाचा इसम समन्स घ्यायला येत नाही. म्हणून व्यक्तींची नावे घालण्यात आली. त्यांत बाबासाहेब होते आणि सभेचे चिटणीस शिवतरकरही होते.

सॉफ्टवेअरवाल्या मित्रांना हे मुद्दाम सांगतो. तुमच्या गटाला कायदेशीर अस्तित्व नसेल तर उद्या तक्रार, नोटीस, कराची विचारणा जे काही येईल ते एखाद्या मुलाच्या घरच्या पत्त्यावर येईल. बाबासाहेब बॅरिस्टर होते, ते लढले. निकाल लागेपर्यंत नऊ वर्षांवर काळ गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. तळे नगरपालिकेचे आहे आणि फिर्यादींना अनादी काळापासूनची रूढी सिद्ध करता आली नाही, हा त्याचा गाभा. म्हणजे शेवटी सगळे मालकीच्या कागदावर आणि पुराव्यावर आले. नोंद कोणाच्या नावावर आहे, याला आपण ‘कारकुनी’ म्हणून हसतो. त्या कारकुनीवर चवदार तळ्याचा खटला जिंकला गेला.

निर्णय कोणी घेतला?

मनाई हुकूम डोक्यावर असताना २५ डिसेंबर १९२७ ला दुसरी परिषद भरली. मंडपाला जागा मिळू नये म्हणून खटपटी झाल्या. ती जागा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने निघून दासगाव बंदरमार्गे महाडला पोहोचले. मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहींची नावनोंदणी झाली. लोक हुकूम मोडून तुरुंगात जायला तयार होते.

त्या क्षणी बाबासाहेबांनी नुसती आज्ञा केली असती तरी लोकांनी ऐकले असते. पण प्रश्न परिषदेपुढे मांडला गेला. कलेक्टरलाही बोलू दिले. बाजूने आणि विरोधात भाषणे झाली आणि मगच सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव झाला. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, शिस्तीत, पाण्याला हात न लावता. हा निर्णय कडू होता. पण तो सर्वांचा होता, म्हणून चळवळ फुटली नाही.

ओपन सोर्सच्या जगात एक थट्टेचे पद आहे : ‘तहहयात दयाळू हुकूमशहा’. ज्याने प्रकल्प सुरू केला, अंतिम शब्द त्याचा. पायथन भाषेचे जनक गुइडो व्हान रॉसम यांना हेच बिरुद होते. जुलै २०१८ मध्ये एका तांत्रिक वादाला कंटाळून ते पायउतार झाले, आपला वारस न नेमता. मग मूळ विकासकांनी वेगवेगळ्या प्रारूपांवर मतदान केले आणि २०१९ पासून पाच जणांची निवडून आलेली समिती कारभार पाहते. जगभर वापरली जाणारी भाषा एका माणसाच्या मनःस्थितीवर टांगलेली होती, हे तेव्हा सर्वांच्या लक्षात आले.

आपल्याला हे नवीन आहे का? २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेबद्दल इशारा दिला. राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे ते म्हणाले. त्याच भाषणात त्यांनी बौद्ध भिक्खू संघाची आठवण करून दिली : आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, हे सगळे नियम संघाला माहीत होते. ‘समिती-घटना हे राजकारण आम्हाला नको’ म्हणणाऱ्या बौद्ध तरुणांनी हे भाषण पुन्हा वाचावे. नियमाने चालणे हा आपला वारसा आहे.

मग करायचे काय?

आपल्याकडचे मार्ग तीन. सात माणसे जमवून १८६०च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात तिची १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. २०१३च्या कंपनी कायद्यातील कलम ८ची ना-नफा कंपनी काढता येते. किंवा सुरुवातीची दोन-तीन वर्षे एखाद्या नोंदणीकृत संस्थेचे आर्थिक पालकत्व घेता येते. परदेशी देणगीवर मात्र भिस्त ठेवू नका. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले आहे. परदेशातली पालक संस्थाही चिरंतन नसते. अमेरिकेतील ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद होण्याची घोषणा केली आणि सहाशेच्या वर गटांना वर्षअखेरपर्यंत नवा आसरा शोधावा लागला.

पालकत्व घ्याल तर चार गोष्टी करारात लिहून घ्या. खर्चाचा निर्णय तुमच्या निवडलेल्या समितीचा. दर तीन महिन्यांनी हिशेब सर्वांसमोर. कोड, नाव आणि संकेतस्थळ यांची मालकी गटाकडे. आणि सोडून जायचे झाल्यास शिल्लक रक्कम कुठे, किती दिवसांत जाणार.

नोंदणी केली म्हणजेही सुटलो असे नाही. आपल्या कित्येक संस्थांचे बदल अर्ज वर्षानुवर्षे भरले जात नाहीत. विश्वस्त वारतात आणि कागदावर तेच राहतात. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना रातोरात पाडला गेला, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या हजारो लोकांपुढे प्रश्न तोच होता : ही वास्तू कोणाची, आणि विश्वस्त कोणाला उत्तरदायी? तो प्रश्न पाडल्यावर विचारून उपयोग नसतो. तो घटना लिहिताना विचारायचा असतो.

बाबासाहेबांनी संस्था नुसत्या काढल्या नाहीत, त्या वेळेवर बदलल्याही. १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा बंद करून शिक्षणाच्या कामासाठी नवी संस्था उभी केली; ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी आली. संस्था हे साधन आहे, ते कामाला जुळले पाहिजे.

त्या मुलांना मी इतकेच सांगितले : आधी बसा आणि दोन पानांची घटना लिहा. समितीत मुली किती, गावातल्या वापरणाऱ्यांचा प्रतिनिधी कोण, हिशेब कोण तपासणार, हे त्यात येऊ द्या. सोडून गेलेल्या दोघांना त्या बैठकीला बोलवा. ज्याच्या खात्यात पैसे होते त्याने हिशेब वाचून दाखवावा आणि सगळ्यांनी त्यावर सही करावी. बैठक ठरली आहे. दोघांपैकी एक येतो म्हणाला आहे.

तळे खुले करणारा ठराव लागतोच. पण ओंजळ भरायची तर तळ्याच्या कारभारात आपला हात असला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!