आबांचा राजा

आमच्या कुसगावात पाऊस एकदा लागला की चार-चार दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. भाताची आवणी उरकली की म्हाताऱ्या माणसांना ओटीवर बसण्यावाचून काम नसे. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तेव्हा बुद्धिबळाचा पट काढत. पट म्हणजे मांजरपाटाचा तुकडा, त्यावर दोऱ्याने शिवून पाडलेली चौसष्ट घरं. काळंपांढरं काही नाही, सगळी घरं एकाच रंगाची. मोहरे लाकडाचे, एका बाजूचे गेरूने रंगवलेले. एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी सुपारी.

त्या सुपारीशीच मी खेळ शिकलो. प्यादं एका वेळी एकच घर चालायचं. ते पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्याच्या घरात पोचेल तो मोहरा व्हायचं, हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. आणि राजाला शह बसला नसेल, तर सबंध डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारता यायची. आबा म्हणायचे, "उडी जपून ठेव रं. लवकर मारलीस तर नंतर पस्तावशील."

१९७४ साली, आठवीत असताना, मी शाळांच्या एका स्पर्धेत खेळायला बसलो. समोरच्या पोराने पहिल्याच खेपेला प्यादं दोन घरं पुढं टाकलं. मी गप्प बसलो. मग त्याने राजा आणि हत्ती एकाच खेपेला हलवले. मी म्हणालो, "एका खेपेला दोन मोहरे?" सगळे हसले. पुढं अडचण आली तेव्हा मी जपून ठेवलेली उडी मारली. मास्तरांनी हात धरला. "हा गावठी नियम कुठनं आणलास?" तिथंच मला बाद केलं.

घरी आलो तो रागातच. "आबा, तुम्ही मला खोटं शिकवलं," म्हणालो. आबा तंबाखू मळत होते. "आमाला आसंच शिकवलंय बाबा," एवढंच बोलले. पट गुंडाळून त्यांनी माळ्यावर टाकला. पुढं ते वारले, पण मधल्या आठ पावसाळ्यांत तो पट खाली आला नाही. मीही कधी मागितला नाही.

साठी उलटल्यावर नातीच्या प्लास्टिकच्या मोहऱ्यांवर मी नव्याने शिकायला बसलो. तिच्याकडून किल्लेकोट शिकलो. आणि हात शिवशिवला म्हणून बुद्धिबळाच्या इतिहासाचंही वाचलं, तेव्हा कुठं कळलं की आबा खोटं नव्हते. चतुरंग इथला, तो इराणातून, अरबांकडून युरोपात गेला. प्यादं मुळात एकच घर चालणारं. दोन घरांची चाल आणि किल्लेकोट हे युरोपातल्यांनी मागाहून घातलेलं. आपल्याकडं वजिराची लांब चाल आली, पण प्यादं जुन्या पायरीनेच चालत राहिलं. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. मूळ संस्कृत, पण डाव युरोपी पद्धतीला जुळवून घेतलेले. म्हणजे आपले नियम बदलून सांगायची पाळी तेव्हाच आली होती.

पंजाबातला मीर सुलतान खानही असलेच देशी नियम आधी शिकला होता. परके नियम शिकून तो विलायतेला गेला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ साली तिथला विजेता झाला. डावाची सुरुवात त्याला जड जायची म्हणतात. जाणारच की! एकेक घर चालणाऱ्या प्याद्यांवर ज्याचा हात बसला, त्याला ही घाई कशी झेपावी?

आपल्या देशाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली आंध्रात एलुरूला झाली. आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्राचे डी. वेंकय्या बरोबरीने पहिले आले. तीही नव्याच नियमांनी. एलुरूची ही खबर कुसगावच्या ओटीवर काही पोचली नव्हती, त्यात आबांचा काय दोष? मास्तरांचाही नियम बरोबरच होता म्हणा. फक्त त्या 'गावठी' शब्दाच्या जागी त्यांनी 'जुना' म्हटलं असतं, तर मी घरी येऊन तसं बोललो नसतो.

गेल्या श्रावणात माळा झाडताना पट सापडला. कडेला कसर लागलेली, सुपारी किडलेली. नातीने नवी सुपारी मांडली आणि विचारलं, "आजोबा, आज कुणाचे नियम?" म्हटलं, आबांचे. तिला ती उडी फार आवडली. ती मी सांगितल्यासारखी जपून ठेवली तिने, आणि शेवटी मलाच हरवलं.