बलेनो की ब्रेझा: आत जागा नक्की कुठे जास्त?
एसयूव्ही म्हणजे जास्त जागा, असं आपण धरूनच चालतो. पण आकडे बघा. मारुती बलेनोचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २५२० मिमी, ब्रेझाचा २५००. त्यामुळे ब्रेझात पाय जास्त पसरता येतील, असं नाही. डिकीही जवळपास सारखीच: ३१८ आणि ३२८ लिटर. खरा फरक उंचीत आहे: १५०० आणि १६८५ मिमी. ब्रेझाची सीट उंच, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आजीला फार न वाकता चढता-उतरता येतं. नगरहून भंडारदऱ्याला सगळं घर घेऊन जाणार असाल, तर माझं मत ब्रेझाला. दोघांपुरती गाडी हवी असेल, तर बलेनो पुरे. बुकिंगआधी आजीला शोरूममध्ये न्या आणि मागच्या सीटवर बसवून बघा.