बर्फाळ रस्ते आणि मिठाचे पाणी
अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने १९४१-४२ च्या हिवाळ्यात बर्फाळ रस्त्यांवर मीठ टाकण्याचे धोरण स्वीकारले. पण कोरडे मीठ वाहनांमुळे उडून वाया जाई. म्हणून १९९० च्या दशकात बर्फ पडण्यापूर्वीच ट्रकवरील टाकीतून मिठाचे पाणी फवारण्याच्या पद्धतीचा तेथे प्रसार झाला. २३.३ टक्के मिठाचे द्रावण सुमारे उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. प्रमाण कमी-जास्त झाले की ते त्याआधीच गोठू लागते. म्हणून प्रमाण मोजावेच लागते. कामानंतर पंप, गाळणी व नोझल स्वच्छ पाण्याने धुतले नाहीत, तर ते गंजतात, तुंबतात. हेच मीठ पुलांचे लोखंड गंजवते, नद्यांतही उतरते. तेव्हा लक्षात घ्या, कमीत कमी मिठात रस्ता सुरक्षित कसा ठेवावा, हाच या यंत्रामागचा मूळ प्रश्न आहे.